मुदत नसलेली कोठडी

आसामच्या गोआलपारा जिल्ह्यातील मतिया छावणीत परदेशी ठरवलेल्या 63 जणांना डांबून ठेवले होते. त्यांचा परदेशातला पत्ता ठाऊक नाही, म्हणून परत पाठवता येत नाही, असे राज्य सरकारचे म्हणणे. मुहूर्ताची वाट पाहता आहात काय, असे सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने 4 फेब्रुवारी 2025 रोजी खडसावले. पत्ता नसेल तर त्या देशाच्या राजधानीत पाठवा, असेही सुनावले.

घुसखोरी रोखणे सरकारचे कर्तव्यच आहे. पण अशा कोठडीला आधार एकच: परत पाठवेपर्यंत माणूस हाताशी असावा. पाठवणी होणारच नसेल तर ती शिक्षा ठरते, आणि तीही कोणत्याही न्यायाधीशाने न सुनावलेली. चोराला सुटकेची तारीख माहीत असते. मतियात ती कोणालाच माहीत नसते. जुलै 2024 मध्ये याच छावणीचा अहवाल न्यायालयापुढे आला, तेव्हा तेथे पुरेसे पाणी नव्हते, धड शौचालये नव्हती.

न्यायालयाने 2019 मध्ये आसामातील कोठड्यांत तीन वर्षे काढलेल्यांना सोडण्याची वाट मोकळी केली, पण अट होती एकेक लाखाच्या दोन जामिनांची. ज्या घरातला कमावता माणूसच आत आहे, त्या घराने असे जामीनदार आणायचे कुठून? 2020 मध्ये, करोनाच्या धास्तीत, ही रक्कम पाच हजारांवर आली आणि तीन वर्षांची दोन झाली. साथ आली नसती तर ही माणसे आणखी किती काळ आत राहिली असती?

शिवाय परदेशी ठरवलेला प्रत्येक जण परकाच असतो, हेही खरे नाही. आसामच्याच नलबारी जिल्ह्यातील एकाला परदेशी नागरिक न्यायाधिकरणाने 2012 मध्ये एकतर्फी परदेशी ठरवले. पुढे कागदपत्रांतील नावांच्या स्पेलिंगमधले आणि तारखांमधले किरकोळ फरक त्याच्याविरुद्ध धरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये त्याला भारतीय ठरवले, तेव्हा तो हयात नव्हता. आपल्याकडेही जून 2025 मध्ये मुंबईलगत पोलिसांनी पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपार ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे कळल्यावर त्यांना परत आणावे लागले. चौकशीआधीच माणूस सीमेपार नेण्याची ही घाई मतियातल्या दिरंगाईइतकीच बेकायदा आहे.

घटनेचे 21 वे कलम ‘नागरिक’ म्हणत नाही, ‘व्यक्ती’ म्हणते. चकमा निर्वासितांच्या खटल्यात 1996 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. तरीही 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या परदेशी नागरिक कायद्यात नागरिकत्व सिद्ध करण्याचा भार संशयितावरच आहे, आणि कोठडीची कमाल मुदत कुठेच नाही. संसदेने ती घालावी. दर तीन महिन्यांनी न्यायाधीशासमोर प्रत्येकाचे प्रकरण यावे, वकील सरकारने द्यावा, आणि ठरलेल्या मुदतीत पाठवणी झाली नाही तर हजेरीच्या अटीवर, ऐपतीबाहेरचा जामीन न मागता, सुटका व्हावी.