गंगेचे विषाणू आणि कृष्णेचे पाणी

गंगेच्या पाण्यात जंतूंना मारणारे विषाणू असतात, हे कानावर आल्यापासून सातारा-सांगलीकडचे रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, मग आपल्या कृष्णेतही असतील की!" असतील, नक्कीच असतील. पण त्यात आनंद मानण्याजोगे काही नाही.

या विषाणूंना बॅक्टेरियोफाज म्हणतात. ते जिवाणूच्या आत शिरून वाढतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात. जिवाणूखेरीज त्यांची वाढच होत नाही. म्हणजे ज्या पाण्यात आतड्याच्या जंतूंचे फाज भरपूर, त्यात मैलाही मिसळलेला असणार! संगम माहुलीला किंवा हरिपूरला तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाला लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असे आग्र्याच्या हॅन्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ साली लिहिले. कारण त्यांना उमगले नव्हते. १९१७ साली डिहेरेल यांनी पॅरिसमध्ये हगवणीच्या रुग्णांच्या मळात फाज शोधले आणि १९२७ साली ते पटकीवर प्रयोग करायला भारतात आले. पुढे पेनिसिलीन आले व फाज मागे पडले. जॉर्जियातील तिबिलिसीत मात्र हे उपचार चालू राहिले.

आज त्यांची पुन्हा आठवण होते, कारण अँटिबायोटिक गोळ्या आपण भडंगासारख्या खाल्ल्या. टायफॉईडवर एकेकाळी हमखास लागू पडणारी सिप्रोफ्लॉक्सासिन आता बहुधा निकामी ठरते. म्हणून फाजवर संशोधन जरूर व्हावे. पण ढाक्यात जुलाबाच्या १२० मुलांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१६ साली आला, तो असा: अपाय नाही, पण फाज न दिलेल्या मुलांपेक्षा जुलाब लवकर थांबलेही नाहीत. प्रत्येक फाज ठरावीक जंतूलाच मारतो, आणि जुलाब नेमका कोणत्या जंतूचा, हे दवाखान्यात लगेच कळत नाही.

तेव्हा जुलाब झाले की दुकानातून दोन कॅप्सूल आणू नका. बहुतेक जुलाबांना त्या लागतच नाहीत. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून घोट घोट पाजत राहा. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच. अंगावरचे दूध बंद करू नये. शौचातून रक्त पडले, मूल मलूल झाले किंवा सहा तास लघवी झाली नाही, तर मात्र त्याच रात्री डॉक्टरांकडे न्यावे.