निबंधातली ‘मोलाची साथ’



आठ मार्च जवळ आला की आपल्या सोलापूरच्या शाळांत ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या स्त्रिया’ हा निबंध हमखास येतो. मुलं मदर तेरेसा लिहितात, मेरी क्युरी लिहितात. छानच. पण आपल्याकडच्या नावांपाशी आलं की वहीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘त्यांना पत्नीची मोलाची साथ लाभली.’ हे वाक्य मला खटकतं.

आपल्या करमाळ्याच्या पलीकडे जामखेड. डॉ. मॅबेल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला, दोघांच्या नावाने. मॅबेलताई वेल्लोरला शिकलेल्या डॉक्टर. पुढे दोघांनीही जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं. मग साथ नेमकी कोणी कोणाला दिली?

त्यांचं काम मुलांना सांगण्यासारखं आहे. गावातल्याच बायकांना, ज्यातल्या कित्येकींनी शाळा पाहिली नव्हती, कित्येक दलित होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, सगळं या बायका शिकल्या आणि घरोघरी करू लागल्या. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९९६ पर्यंत हा आकडा २६ वर आला. (सातवीला शेकडेवारी शिकवताना हेच गणित घाला, पुस्तकातल्या नफा-तोट्यापेक्षा पोरं जास्त लक्ष देतील.)

हेमलकशाचंही तेच. २००८ चा मॅगसेसे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दोघांना. मंदाताईही डॉक्टर, हे किती निबंधांत येतं?

ही खोड फक्त आपलीच नाही म्हणा. १९०३ च्या नोबेलसाठी आधी मेरी क्युरींचं नाव वगळलंच जाणार होतं. पिएर क्युरींनी पत्र लिहून आग्रह धरला, तेव्हा ते आलं. म्हणजे नवऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष तयार निबंधांच्या पुस्तकांचा आणि फळ्यावर आपणच लिहून देतो त्या मुद्द्यांचा.

विज्ञानात पहिली येणारी मुलगी तो मुद्दा उतरवून घेते. डॉक्टर झाली तरी आपलं काम ‘साथ’ म्हणूनच मोजलं जाणार, हे ती न शिकवता शिकते. पालकसभेतही ऐकू येतंच की, ‘शिकू दे, पुढं नवऱ्याच्या दवाखान्यात मदत होईल.’

तेव्हा यंदा वह्या तपासताना ‘साथ’ दिसली की लाल पेनाने गोल करा आणि समासात एवढंच विचारा: या बाईंनी स्वतः काय काम केलं? पालकांनो, उत्तर शोधायला घरी बसाल ना मुलीबरोबर?