शब्दांची पारख : ‘अवेअर’

इंग्रजीतील काही शब्द आपल्या इतके परिचयाचे झालेले असतात की, ते कोशात पाहावेत असे आपल्याला वाटतच नाही. ‘अवेअर’ हे विशेषण त्यांपैकीच एक. ‘माहीत असलेला’ असा त्याचा अर्थ धरून आपण पुढे जातो. परंतु तेवढ्याने भागत नाही.

हा शब्द जुन्या इंग्रजीतून आलेला असून ‘सावध’ हा त्याचा मूळ अर्थ होय. ‘जपून असा’ असे बजावणारा ‘बिवेअर’ आणि सावधपणे वागणाऱ्यास लावला जाणारा ‘वेअरी’ हे त्याच कुळातले शब्द. आपल्या ‘जागरूक’ या शब्दाचीही हीच कथा आहे. जागे राहण्याचा अर्थ असलेल्या संस्कृत धातूपासून तो निघाला आहे. वीज धोक्याची असते, हे शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण ओल्या हाताने बटणाकडे जाताना ते ज्याच्या मनात जागे असते, तो खरा ‘अवेअर’.

वाक्यात हे विशेषण बहुधा क्रियापदानंतर येते आणि त्याच्यामागून ‘ऑफ’ अथवा ‘दॅट’ येतो. ‘अनअवेअर’ हे त्याचे विरुद्धार्थी विशेषण. त्याला शेवटी ‘स’ जोडून होणारा ‘अनअवेअर्स’ मात्र क्रियाविशेषण आहे. ‘बेसावध असताना, अवचित’ असा त्याचा अर्थ.

मराठीत आणताना संदर्भ पाहावा. साध्या बोलण्यात ‘मला त्याची कल्पना आहे’ हे पुरते. कर्तव्याविषयी बोलताना ‘जाणीव’ हा शब्द शोभतो, तर नागरिक किंवा ग्राहक यांना ‘जागरूक’ म्हणणे योग्य.

हा भेद केवळ भाषेच्या अभ्यासकांपुरता नाही. रुग्णालयातील संमतिपत्रात ‘आय ॲम अवेअर ऑफ द रिस्क्स’ अशा अर्थाचे वाक्य पुष्कळदा असते. त्याखाली सही करणारा मनुष्य धोके आपल्याला समजले आहेत, अशी ग्वाही देत असतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे असा कागद इंग्रजीत किंवा त्या प्रांताच्या भाषेत येतो आणि घाईत, काळजीत त्यावर सही होऊन जाते.

कायद्याला अशी आंधळी सही अभिप्रेत नाही. उभय पक्षांनी एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता देणे म्हणजे संमती, असे १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे तेरावे कलम सांगते. उपचारांचे स्वरूप, हेतू, लाभ, मोठे धोके, अन्य पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती रुग्णास मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली एका निकालात स्पष्ट केले. प्राण वाचविण्यासाठी तातडीने उपचार करावे लागतात, तेव्हा याला अपवाद असतो.

म्हणून असा कागद हाती आला की, “यातील धोके कोणते, ते मला समजेल अशा भाषेत सांगा,” असे निःसंकोच म्हणावे. उत्तर ऐकून ते आपल्या शब्दांत पुन्हा सांगून पाहावे. ते सांगता आले, तरच त्या वाक्याखालची आपली सही खरी ठरेल.