वही कुणाच्या हातात?

दोस्तांनो, सध्या पोरांच्या डोक्यात एकच किडा. दहा जुने कॉम्प्युटर आणायचे, केबलनं जोडायचे, स्वतःचा प्रायव्हेट मायनिंग पूल काढायचा आणि बिटकॉइन खोदायचा. काही तर व्याजानं पैसे उचलायला निघालेत. मी गोदीत माल उचलतो, कविता लिहितो, शिक्षण मॅट्रिक. पण टोळी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. आणि पूल म्हणजे टोळीच.

बिटकॉइनचा एक ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी सुटतो. ज्याच्या मशीनला आकडा लागला, बक्षीस त्याचं. 2009 साली ते 50 नाणी होतं, एप्रिल 2024 मध्ये 3.125 वर आलं. एकट्याचा आकडा कधी लागणार? म्हणून 2010 साली मारेक पालाटिनुस या झेक माणसानं पहिला पूल उभारला. सगळ्यांनी राबायचं, ज्याचं जेवढं काम तेवढा त्याचा वाटा. मधला सर्व्हर म्हणजे मुकादम. काम तोच वाटणार, हजेरी तोच मांडणार, कमिशनही तोच कापणार.

आता हिशेब करा. पूल ताकद वाढवत नाही, फक्त नशीब वाटून घेतो. दहा कॉम्प्युटरची टोळी म्हणजे दहाच कॉम्प्युटर. साधा प्रोसेसर सेकंदाला काही कोटी वेळा आकडा ताडतो. याच कामासाठी घडवलेलं मशीन 100 लाख कोटी वेळा. हातगाडीनं क्रेनशी शर्यत लावता काय? वर विजेचं बिल. सरकारनं 2022 साली अशा नाण्यांच्या नफ्यावर 30 टक्के कर बसवला, आणि खोदण्याच्या यंत्रणेचा खर्च त्यातून वजा होणार नाही, हेही संसदेत सांगून टाकलं.

म्हणे इथं मालक नाही. च्यायला, 2014 च्या जूनमध्ये जीहॅश या एकाच पूलकडे जगातली जवळपास निम्मी ताकद गोळा झाली होती! निम्म्याहून जास्त ताकद ज्याच्याकडे, तो झालेले व्यवहार उलटवू शकतो. मुकादमाचा मालक व्हायला वेळ लागत नाही.

मोनेरोचं गणित 2019 पासून साध्या प्रोसेसरला सोयीचं केलंय. त्याच्या पीटूपूलमध्ये मुकादमच नाही. वही प्रत्येक मशीनकडे. कमाई तिथंही चिल्लरच, पण शिकायचं असेल तर तिथं शिका.

मशीनं जोडा, नेटवर्क समजून घ्या. ती विद्या पोटाला लागेल. पण व्याजाचा एक रुपया यात घालू नका. आणि कुणी 'आपला पूल आहे' म्हणत पैसे मागायला आला, तर आधी विचारा: वही दाखव!