मुक्या तोंडातील जखम

अतिदक्षता विभागातील रुग्ण वाचतो, व्हेंटिलेटर दूर होतो, तोंडातील नळी निघते. आणि मग नातेवाइकांच्या लक्षात येते की ओठाचा कोपरा काळा पडला आहे, जिभेच्या कडेला व्रण आहे. तक्रार होते, चौकशी बसते आणि बहुधा एकच निष्कर्ष निघतो : परिचारिकेचा हलगर्जीपणा. तिच्या हाती मेमो पडतो व प्रकरण मिटते. हा न्याय तपासून पाहिला पाहिजे.

श्वासनलिकेत घातलेली नळी ओठावर, हिरडीवर व जिभेवर रात्रंदिवस टेकलेली असते. ती निसटू नये म्हणून चिकटपट्टीने वा बंधाने आवळलेली असते. सततच्या दाबाने सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात आणि तेथील मांस मरू लागते. चेहऱ्यावर सूज चढली की काल सैल असलेला बंध आज रुततो. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांनी त्वचेचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो. गुंगीतला रुग्ण तर ‘दुखते’ एवढेही सांगू शकत नाही. अशा जखमा पाठीवर व माकडहाडावरच होतात, हा समज आता टिकणारा नाही. अमेरिकेतील या विषयाच्या राष्ट्रीय सल्लागार मंडळाने २०१६ साली उपकरणांच्या दाबाने होणाऱ्या आणि तोंडासारख्या ओलसर अस्तरावरील जखमांची स्वतंत्र व्याख्या केली आहे.

यावरील उपाय महागडे नाहीत. दर पाळीत विजेरी घेऊन तोंड तपासावे, ओठ ओलसर राखावेत, दात मऊ ब्रशने स्वच्छ करावेत, बंध रुतत नाही ना ते पाहावे आणि नळी ठराविक वेळाने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवावी. मात्र हे शेवटचे काम एकटीचे नव्हे. एकीने नळी घट्ट धरावी लागते. दुसरीने बंध सोडून पुन्हा बांधायचा आणि दातांपाशी नळीवरचा आकडा पूर्वीचाच आहे याची खात्री करायची. हात चुकला तर नळी निसटते आणि जिवावर बेतते. रात्रपाळीत तीन व्हेंटिलेटर एकटीवर सोपवलेले असतील, तर तिने नळी कोणाच्या भरवशावर हलवावी? नळी जागच्या जागी राहते ती तिच्या आळसामुळे नव्हे. दुसरे दोन हात नाकारणाऱ्या व्यवस्थेमुळे.

महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांनी मे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा रुग्णांना वेठीस धरल्याचा आरोप झाला. परंतु आज येथे तर उद्या तेथे पाठवल्या जाणाऱ्या कंत्राटी परिचारिकेला विभागातील कामाची सवय जडावी कशी, आणि नोकरीच्या भीतीखाली तिने जखमेची नोंद प्रामाणिकपणे करावी कशी? कायम नेमणुकीची मागणी ही रुग्णाच्याही हिताची मागणी आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन दोन साध्या गोष्टी मागाव्यात. अतिदक्षता विभागाच्या दारावर दर पाळीतील रुग्णांची व परिचारिकांची संख्या लिहिली जावी. आणि तोंडातील प्रत्येक जखमेची नोंद शिक्षेच्या भयाविना होऊन तिच्याशेजारी त्या पाळीची ही संख्याही मांडली जावी. मग मेमो कोणाच्या नावाने निघायला हवा, हे त्या नोंदवहीतूनच कळेल.