रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर : टेंभुर्णीकरांना जाहीर आवाहन



शाळेची वेळ झाली की एखाद्या पोराचं पोट दुखायला लागतं. रविवारी दुखत नाही, सुट्टीत दुखत नाही. जंताचं औषध होतं, सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, नाटकं करतोय. दुसऱ्या घरात कर्ता माणूस मध्यरात्री दचकून उठतो. छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. रातोरात गाडी करून त्याला अकलूजला नाहीतर कुर्डुवाडीला नेतात. ईसीजी नॉर्मल निघतो, सलाईन लावून घरी पाठवतात. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं की कुणीतरी हळूच सुचवतं, बाहेरचं काही आहे का बघून घ्या.

या दोघांचंही दुखणं खरं असतं. बऱ्याचदा ते चिंतेच्या आजाराचं असतं आणि त्यावर उपचार आहेत. ते उशिरा मिळतात, कारण ‘काही झालेलं नाही’ हे ऐकून घरचे निर्धास्त होतात आणि दुखणारा माणूस एकटा पडतो.

रात्रीच्या लाइटीला उसात पाणी धरताना पायाशी साप दिसला तर काय होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. काळीज जोरात उडतं, घाम फुटतो, पोटात गोळा येतो. जीव वाचवण्यासाठी शरीर पळायच्या तयारीला लागतं. चिंतेच्या आजारात साप नसतानाही शरीर हीच तयारी करतं, आणि ती लवकर उतरत नाही. हृदय चांगलं असतं, म्हणूनच ईसीजी चांगला येतो. अर्थात छातीत पहिल्यांदा दुखलं तर आधी हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. थायरॉईड आणि रक्तातलं हिमोग्लोबिनही बघून घ्यावं. प्रश्न असतो तो हे सगळं नीट निघाल्यानंतरचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ३० कोटी लोकांना चिंतेचा आजार होता. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर १० प्रौढांमागे साधारण एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला, आणि त्यातल्या बहुतेकांवर काहीच उपचार झालेले नव्हते. आपलं गाव याला अपवाद असेल असं मानायला काही कारण नाही. उसाला तोड मिळेना, बिल अडकलंय, सोसायटीचं कर्ज थकलंय, या विवंचनेत आपल्याकडची किती माणसं रात्र-रात्र जागी असतात! सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. घरात पाणी शिरलेलं ज्या लेकरानं पाहिलं, ते आभाळ भरून आल्यावर आईचा पदर सोडत नसेल तर त्याला भित्रं म्हणू नका.

आई-वडिलांना एक कळकळीचं सांगणं. शाळा बुडवली की पोटदुखी थांबते, पण भीती पक्की होते. टाळलं म्हणून वाचलो, एवढंच पोराच्या मनावर ठसतं आणि दुसऱ्या दिवशी शाळेची पायरी आणखी अवघड वाटते. मारून-मुटकून पाठवल्यानंही भीती वाढतेच. मधली वाट आहे : पहिले दोन दिवस नुसतं फाटकापर्यंत सोबत जा, मग दोन तास बसू द्या, मग पूर्ण दिवस. भीती कशाची आहे ते शांतपणे विचारा. वर्गात कुणी चिडवतं का, गणिताच्या तासाला फळ्याजवळ उभं राहावं लागतं का, हे शिक्षकांनाही विचारा. दहावी-बारावीच्या पोरांसमोर पाहुण्यांनी टक्क्यांची चौकशी करू नये, आणि केलीच तर आईबापांनी ती तिथेच थांबवावी.

मोठ्यांनी झोपेसाठी दारू घेऊ नये. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी तर अजिबात नको. तिची सवय लागते आणि आजार तसाच राहतो. चिंतेवरची बरीचशी नेहमीची औषधं सवय लावणारी नसतात, मात्र गुण यायला काही आठवडे लागतात. ती मनानं मध्येच सोडू नयेत. भीतीला थोडं थोडं सामोरं जायला शिकवणारं समुपदेशनही तितकंच गुणकारी आहे.

केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मनोविकार विभाग आहे. लोक काय म्हणतील ही धास्ती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. आणि कुणी ‘जगावंसं वाटत नाही’ असं बोललं, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी फोन लावा.

गावातल्या डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती : रिपोर्ट नॉर्मल आहे, एवढं सांगून पेशंटला उठवू नका. ‘हे चिंतेमुळे होत असेल, याचे उपचार आहेत’ हे पुढचं वाक्यही बोला. मुख्याध्यापक, ग्रामपंचायत, साखर कारखाने आणि एमआयडीसीतल्या मालकांना विनंती : १४४१६ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर, चावडीवर, गेटवर ठळक रंगवून घ्या. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात. त्याआधी हे काम व्हावं.

आपले,
टेंभुर्णीतील काही शिक्षक व पालक