कोहिनूरवरील दुसरा घाला

कोहिनूरची चर्चा निघाली की ती १८४९ सालापाशी थांबते. दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून लाहोरच्या तहान्वये ब्रिटिशांनी ते रत्न बळकावले, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर तीन वर्षांनी त्यावर पडलेला दुसरा घाला मात्र विस्मृतीत गेला आहे.

१८५१च्या लंडनमधील महाप्रदर्शनात कोहिनूर पाहून प्रेक्षकांचा विरस झाला. तो त्यांच्या अपेक्षेप्रमाणे लखलखत नव्हता! मग राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या पुढाकाराने अ‍ॅमस्टरडॅमहून कारागीर आले आणि जुलै १८५२मध्ये वाफेच्या यंत्रावर घासकाम सुरू झाले. आरंभाचा मान ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा. १८०३मध्ये असईच्या रणांगणावर मराठ्यांशी लढलेला सेनानी तो हाच. अडतीस दिवसांत, आजच्या मापाने सुमारे १९१ कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटचा उरला. एवढी घट पाहून खुद्द अल्बर्टही नाराज झाले म्हणे.

भारतीय कारागिरांना पैलू पाडता येत नव्हते, असा समज यातून रूढ झाला. तो निराधार आहे. सतराव्या शतकात दख्खनच्या खाणींवर गेलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने तेथील काम पाहून लिहून ठेवले आहे. ताटलीएवढ्या पोलादी चाकावर एका वेळी एकच हिरा धरला जाई. त्याची धार, म्हणजे स्फटिकाची दिशा, सापडेपर्यंत पाणी सोडत आणि मग तेल व हिऱ्याचीच भुकटी. खडा निर्दोष असेल तर त्याला चाकाचा केवळ स्पर्श करीत, डाग असेल तर साऱ्या खड्यावर पैलू पाडून तो झाकीत. वजन राखणे हाच त्या विद्येचा धर्म होता. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तही हिऱ्याचे मोल तांदळाच्या दाण्यांच्या वजनावर ठरते. व्हेनिसच्या बोर्जिओने एक मोठा हिरा घासून निम्म्याहून कमी केला, तेव्हा मोगल दरबाराने त्यालाच दहा हजार रुपये दंड केला, असेही ताव्हेर्निए सांगतो.

युरोपने प्रकाशाच्या परावर्तनाचे गणित बसवले, हे मान्यच करावे लागेल. आज सुरतेतील कारागीरही त्याच गणिताने पैलू पाडतात. परंतु एका दृष्टीचे तेज वाढवण्यासाठी दुसऱ्या दृष्टीची साक्ष पुसली गेली. २०१६मध्ये कोहिनूर बळाने नेलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयात सांगून सरकारला लगोलग सारवासारव करावी लागली. हिरा परत मिळवण्याचा लढा लांबेल. त्याच्या मूळ रूपाचा प्लास्टरचा साचा मात्र लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. त्याची अचूक प्रतिकृती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात, ताव्हेर्निएने वर्णिलेल्या चाकाशेजारी मांडण्यास कोणत्याही तहाची आडकाठी नाही.